रुसव्याचा पाट

मी पाट बोलतोय. शेताला पाणी नेतो तो नव्हे, जेवायला बसतात तो. सागाचा आहे, चारी कोपऱ्यांवर पितळी फुलं ठोकलेली आहेत. पोखर्णीच्या लिंबाजी मास्तरांच्या स्वयंपाकघरात एरवी भिंतीला टेकून उभा असतो आणि पाहुणा आला की आडवा होतो.

आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका. चाळीस वर्षं लोकांनी माझ्यावर बसून पुरणपोळ्या हाणल्या आणि माझ्या वाट्याला आलं ते सांडलेलं तूप आणि बसणाऱ्याचं वजन. त्याचं मला काही नाही, पाटाचा जन्मच त्यासाठी असतो. पण एका माणसावर माझा दात आहे. तो या घरचा जावई, परमेश्वर. तोंडावर सगळे त्याला अहोजाहो करतात. मी करणार नाही.

माझा जन्म मास्तरांच्या बांधावरचा. मास्तरांचं लग्न ठरलं त्या साली त्यांच्या वडिलांनी बांधावरचा साग तोडला. मुंजाजी सुतारानं त्यातून दाराची चौकट केली, एक पेटी केली आणि उरल्या फळीतून मला घडवलं. फुलं ठोकता ठोकता तो म्हणाला होता, "मास्तर, पाटाचा मान लय मोठा. ह्याच्यावर बसलेल्या माणसानं रागानं उठू न्हाई. उठला तर पाट त्याला सोडत नसतो." मुंजाजी बोलून विसरला असेल. मी विसरलो नाही.

साग तोडला तरी मरत नाही. माझ्या बुंध्याला फुटवे आले आणि त्यातले दोन मास्तरांनी राखले. मास्तर रानातून आले की बायकोला, कडूबाईला, सांगायचे, "फुटवे माझ्या खांद्याला लागले." मग पुढच्या साली, "आता वर बघावं लागतंय." मग एकदा, "कवेत मावत न्हाईत." मी भिंतीशी उभा राहून ऐकायचो. माझी धाकटी भावंडं ती.

कडूबाईनं मला जपलं. दर सणाला चिंच लावून माझी फुलं घासायची. पण चाळीस वर्षांत ती एकदाही माझ्यावर बसली नाही. वाढणाऱ्या बाईनं पाटावर बसायचं नाही, अशी या घरची रीत. सगळ्यांचं आटोपलं की गॅसच्या ओट्याखाली, भुईवर, ताट मांडीवर घेऊन ती जेवायची.

आता जावयाकडे येतो.

आमच्याकडे लग्नात जावई रुसतो. गमतीची रीत आहे. नवरदेव पाटावर बसतो, ताट वाढलेलं असतं, आणि तो हात गुडघ्यांवर ठेवून मान फिरवतो. सासरा तीनदा विचारतो, "काय पायजे?" तो घड्याळ म्हणतो, अंगठी म्हणतो, बायका हसतात, आणि तो घास घेतो. लिंबाजी मास्तर स्वतःच्या लग्नात रुसले होते म्हणे, आणि मागितलं काय, तर शाईचं पेन.

परमेश्वरचं परभणीत फरशांचं दुकान. मास्तरांची एकुलती एक लेक मंजुषा त्याला दिली. लग्नाच्या दिवशी तो माझ्यावर बसला, मान फिरवली, आणि तास झाला तरी फिरवलेलीच. वरण गार झालं, पंगत खोळंबली, पोरं रडायला लागली. त्याला मोटारसायकल पाहिजे होती. शेवटी मास्तरांनी स्वतःच्या नव्या गाडीची किल्ली आणून त्याच्या ताटात, गुलाबजामाशेजारी ठेवली. तेव्हा कुठे साहेबांनी घास घेतला. मला त्या क्षणी कळलं की हा रुसलेला नाही, हा वसुलीला बसलाय.

पुढे दर तीन वर्षांनी धोंड्याचा महिना यायचा, म्हणजे अधिक महिना. त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे वाफवून खाऊ घालतात, लेक-जावयाचा मान करतात. पहिल्या धोंड्याला हा सोन्याच्या साखळीसाठी रुसला. करोनाच्या साली येता आलं नाही, तर फोनवर रुसला. कडूबाईनं मोबाइल तांब्याला टेकवून माझ्यावर ठेवला, पुढे ताट वाढलं, आणि हा परभणीत बसून पडद्यावर मान फिरवून होता. त्या वर्षी मास्तरांच्या पैशानं त्याच्याकडे एसी गेला. त्याच्या पुढच्या वेळी मास्तरांना 'हो' म्हणायला जरा उशीर लागला, तर हा उठला आणि जाता जाता त्यानं मला लाथ हाणली. मी भिंतीवर आपटलो. उजव्या कोपऱ्यातलं फूल उचकटलं आणि खिळा वर आला. कडूबाईनं तो बत्त्यानं ठोकून बसवला. तो पुन्हा वर आला. तेव्हापासून ती ठोकते आणि तो वर येतो.

यंदा चैत्रातच स्वारी आली. साधं दुपारचं जेवण होतं. हा माझ्यावर बसला आणि मान फिरवली.

"काय पायजे?" मास्तरांनी विचारलं. तीनदा विचारायचीही गरज पडली नाही.

"मामा, यंदाचे धोंडे घरी नको. बोटीवर. मुंबईहून गोवा, गोव्याहून परत मुंबई, तीन दिवस. क्रूझ म्हणतेत त्याला. जग कुठं चाललंय, आन् आपुन पोखर्णीतच बसायचं का?"

मास्तर खाली बघत 'बरं' म्हणाले. आठव्या दिवशी लाकडाचा व्यापारी आला आणि त्याला घेऊन ते बांधावर गेले. संध्याकाळी परत आले, पाय धुतले आणि ओट्यापाशी बसून कडूबाईला सांगितलं, "दोन्ही दिले."

कडूबाईनं त्या संध्याकाळी स्वयंपाक केला नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या डाव्या अंगाला एक बारीक चीर गेली, ती अजून आहे. त्याच वेळी ठरवलं, या माणसाचा हिशेब मी चुकता करणार.

निघायच्या दिवशी कडूबाईनं मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं.

"मामी, तिथं टेबल-खुर्ची असती!" परमेश्वर ओरडला.

"धोंडे म्हणलं की पाट पायजे. पाटाबिगर मान होत न्हाई."

तो चिडणार होता, पण मग त्याच्या डोक्यात काहीतरी आलं. "घ्या, घ्या. व्हिडिओ भारी येईल. क्रूझवर जावयाला पाटावर धोंडे. आजपर्यंत कुणी टाकला नसंल."

अशा रीतीने मी मुंबईच्या धक्क्यावर पोचलो. तिथे सामान एका यंत्राच्या बोगद्यातून जातं. कडूबाईच्या अनारशांचा डबा त्यांनी ठेवून घेतला, घरचं शिजवलेलं बोटीवर चालत नाही म्हणाले. इस्त्री चालत नव्हती, काड्यापेटी चालत नव्हती. माझ्यापाशी येऊन पहारेकरी थांबला, लुगडं सोडून बघितलं, त्यांच्या यादीवर वरून खाली बोट फिरवलं. पाट नको असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बोट म्हणजे काय सांगू. पोखर्णी उचलून त्यात ठेवली तरी वर जागा उरेल. मला मास्तर-कडूबाईच्या खोलीत पलंगाखाली सारलं, नारिंगी जाकिटांच्या शेजारी. बोट बुडाली तर तरंगायला म्हणून ती जाकिटं. सागाचं लाकूड शेजारी असताना त्यांची गरज मला कळली नाही. पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला होता. नात सृष्टी, आठ वर्षांची, त्याला घेऊनच फिरायला लागली.

बाहेर काय चाललंय ते मला कडूबाईकडून कळायचं. पलंग तिला सोसेना. "लय मऊ हाय, बुडाल्यासारखं होतंय," म्हणाली, आणि दार लावलेलं आहे ना ते बघून तिनं मला बाहेर ओढलं आणि माझ्यावर बसली.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. काही वजन नव्हतं हो तिला.

बसून तिनं मास्तरांना सगळं सांगायला घेतलं. जेवणघरात ऐंशी तऱ्हेचे पदार्थ मांडलेले, आणि ताट ज्याचं त्यानं घ्यायचं. मास्तरांनी अननस आणि दहीभात घेतला, दुसरं काही ओळखीचं दिसेना. जेवण झाल्यावर कडूबाई सवयीनं उठली, आपलं ताट उचललं, मास्तरांचं उचललं, आणि शेजारच्या टेबलावरच्या परक्या माणसांचीही उष्टी ताटं गोळा करायला लागली. तेव्हा काळ्या कोटातला एक माणूस धावत आला.

"मावशी, राहू द्या. आमचं काम हाय ते."

"अय्या, तुमी मराठी? कुठले?"

"बोरीचा. जिंतूर तालुका. सिद्धोधन नाव."

समुद्राच्या मधोमध आपल्या जिल्ह्याचा माणूस! सिद्धोधन पस्तिशीचा, त्या जेवणघरातल्या सगळ्या वाढप्यांचा मुख्य. त्यानं कडूबाईला खुर्चीत बसवलं, मांडीवर पांढरी दस्ती पसरली आणि स्वतःच्या हातानं चहा आणून दिला. कडूबाईला तो चहा पिताच येईना. "मला आजवर कुणी वाढलंच न्हाई," ती मास्तरांना म्हणाली, "घास घशाखाली कसा उतरावा?"

आणि जावई? जावई त्याच सिद्धोधनला चुटकी वाजवून बोलवायचा. "ए, हिकडं ये! सूप गार हाय. पनीरला चव न्हाई. तुमची सर्व्हिस एकदम भंगार." सिद्धोधन मान लववून 'हो सर' म्हणायचा. मंजुषा मान खाली घालायची.

अनारसे धक्क्यावरच राहिले, धोंडे कसे करायचे याचा कडूबाईला घोर लागला होता. तो सिद्धोधननंच मिटवला. "हरभऱ्याची डाळ, गूळ, कणीक, सगळं हाय इथं. शुक्रवारी दुपारी, परतीच्या वाटंवर, करून देतो. तुमी फकस्त सांगा कसं करायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे पोहायच्या तलावाकडे गेले. कडूबाई माझ्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. मंजुषा आली आणि खाली बसली.

"आई, सोमवारी शेवटची तारीख हाय."

"कशाची?"

"रुजू व्हायची."

मंजुषानं चार वर्षं अभ्यास करून परीक्षा दिली होती. परभणीत माती तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती, हे कडूबाईला माहीत होतं. पण जावयानं सांगितलं होतं, रुजू पुढच्या महिन्यात व्हायचंय.

"सोमवारी न्हाई गेले तर यादीतलं पुढचं नाव घेतेत. मूळ कागद लागतेत, मार्कशीट, दाखला, सगळे. ते त्यांच्या कपाटात हायेत. किल्ली त्यांच्या खिशात असती, झोपताना सुदिक. मागितली की म्हणतेत, फिरून आल्यावर बघू. आन् शनिवारी बोटीतून उतरलं की मंगळवारपर्यंत मुंबईतच हॉटेल घेतलंय."

कडूबाईचा हात थांबला. "म्हंजे ही बोट..."

"तारीख जावी म्हणून. मला काल कळलं. फोनवर मित्राला सांगत होते. बायकोच्या पगारावर जगायलाय असं लोकांनी म्हणू न्हाई म्हणून."

खाली बोटीचं यंत्र गुरगुरत होतं.

"माह्या बांधावरचे साग ह्याच्यासाठी तोडले?" कडूबाई म्हणाली. मोठ्यानं नाही. मग तिचा अंगठा माझ्या उजव्या कोपऱ्यावर आला. खाऱ्या दमट हवेनं मी फुगलो होतो आणि खिळा चांगला बोटाच्या पेराइतका वर आला होता. मी मुद्दाम ढकलला होता म्हणा ना. तिनं खिळ्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. हाताशी अडकित्ता होता, दोन ठोक्यांत बसला असता. तिनं अडकित्ता पिशवीत टाकला.

शुक्रवारी दुपार. जेवणघराच्या कोपऱ्यात, मोठ्या खिडकीपाशी, सिद्धोधननं टेबलं सरकवून जागा करून दिली. कडूबाईनं मला गालिच्यावर मांडलं. मांडून बघितलं आणि थोडं फिरवलं, उजवा कोपरा बसणाराच्या खिशाखाली येईल असं. एकाच पाटावर जोडपं मावत नाही, म्हणून मंजुषासाठी शेजारी टॉवेलची घडी घातली.

परमेश्वर आला. अंगात पांढरी पातळ पँट, बोटीसाठी मुद्दाम शिवलेली. किल्ल्यांच्या जुडग्यानं उजवा खिसा लोंबत होता. तो मांडी घालून माझ्यावर बसला, आणि खिसा कोपऱ्यावरून खाली उतरून बरोबर खिळ्यावर आला. मी कापड धरलं. घट्ट धरलं.

"सृष्टे, व्हिडिओ चालू कर. बंद करायचा न्हाई मी सांगेपर्यंत."

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक बघायला लागले. काही उठून जवळ आले. वाफाळते तेहतीस धोंडे भांड्यात आले. कडूबाईनं कुंकू लावलं, ओवाळलं, आणि चमच्यात धोंडा घेऊन वाकली. तेवढ्यात त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान फिरवली.

मला हे ठाऊकच होतं. मास्तर दचकले. "आता काय? बोट दिली की!"

"बोटीचं झालं, मामा. आता शेवटचं. मंजूनं सगळ्यांदेखत म्हणावं, नोकरीचा विषय बंद. मग मी घास घेतो."

लोक हसले. त्यांना वाटलं, खेळ चाललाय. मंजुषाचा चेहरा पांढरा पडला. मास्तरांनी सवयीनं तिच्याकडे बघितलं. "मंजे, म्हण की गं. काय जातंय म्हणायला..."

कडूबाईनं चमच्यातला धोंडा उचलून परत भांड्यात ठेवला. वर झाकण ठेवलं.

"मी वाढणार न्हाई."

"काय?" परमेश्वरनं मान सरळ केली. आठ-नऊ वर्षांत त्याला असं कोणी म्हटलं नव्हतं.

"तुमी रुसलाव न्हवं? रुसा. आज मी बी रुसले. खाणाराला रुसता येतंय, तर वाढणारीला का येऊ न्हाई?"

"अगं, काय करायलीस?" मास्तर पुटपुटले. "लोक बघायलेत."

"बघू द्या. आजवर आपुनच बघायलोय." ती भांड्यावर हात ठेवून उभी राहिली. "रुसलेल्या माणसाला विचारावं लागतंय, काय पायजे म्हणून. कुणी विचारतंय का मला?"

मास्तर गालिच्याकडे बघत राहिले. तेव्हा काळ्या कोटातला सिद्धोधन पुढे आला, हात मागे बांधून, त्याच्या नोकरीत शिकवतात तसा अदबीनं उभा राहिला.

"मावशी, काय पायजे तुमाला?"

"माह्या लेकीचे कागद. त्या कपाटाची किल्ली. बास, दुसरं कायी न्हाई."

परमेश्वरची कानशिलं लाल झाली. "ए वेटर, तू मधी बोलू नको! आन् मामी, असलं नाटक करायचं असंल तर ठेवा तुमचे धोंडे. मी चाललो!"

आणि तो रागानं उठला. माझ्यावरून, रिकाम्या ताटावरून, रागानं. मुंजाजी, ऐकतोयस ना?

टर्र!

तो आवाज सगळ्या जेवणघरानं ऐकला. खिसा माझ्याकडे राहिला. पँट कमरेपासून गुडघ्यापर्यंत उकलली आणि आतली निळ्या पट्ट्यांची चड्डी साऱ्या बोटीला दिसली. त्यानं वळून खिसा ओढायला हात घातला, तर मागची शिवणही गेली. लोक आता खरोखरचे हसत होते. त्यानं टेबलावरची दस्ती ओढून पाठीमागे धरली.

"पप्पा," सृष्टी म्हणाली, "व्हिडिओ चालूच हाय. बंद करू?"

तो दाराकडे पळाला. लाथ खाल्ल्यापासून तीन वर्षं मी या घटकेची वाट पाहिली होती. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. माझ्या दोन्ही भावंडांच्या नावानं मी ती फाटलेली शिवण पुन्हा पुन्हा आठवली.

खिळ्याला फाटका खिसा लटकत होता आणि त्यातून किल्ल्यांचं जुडगं माझ्यावर घरंगळून पडलं होतं. मंजुषा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला, जुडगं उचललं, त्यातली एक छोटी किल्ली शोधली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. टॉवेलच्या घडीवरून सरकून ती माझ्यावर येऊन बसली.

"आई, वाढ आता. मला भूक लागलीय."

कडूबाईनं झाकण काढलं. धोंडा लेकीच्या ताटात वाढला. वर तूप घातलं. मास्तर उठले, तांब्या नव्हता म्हणून काचेचा जग घेतला आणि लेकीच्या पेल्यात पाणी ओतलं. त्यांनी उभ्या जन्मात कुणाला वाढलेलं मी पाहिलं नव्हतं. थोडं सांडलं, माझ्यावरच.

शनिवारी सकाळी मुंबई जवळ आली, मोबाइलला रेंज आली, आणि सृष्टीनं भाबडेपणानं तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. बोट धक्क्याला लागायच्या आत परभणीतल्या फरशीवाल्यांपर्यंत पोचला होता. धक्क्यावरून मंजुषा लेकीला आणि आईवडिलांना घेऊन थेट स्टेशनवर गेली. तो तिच्यामागे आला नाही. हॉटेलच्या खोलीत मंगळवारपर्यंत रुसून बसला. तिथे विचारायला कोणी नव्हतं. रविवारी परभणीत कपाट उघडलं, सोमवारी साडेनऊला मंजुषा प्रयोगशाळेच्या दारात उभी होती.

त्यानंतर महिनाभर नवरा तिच्याशी बोलला नाही. तेवढीच घरात शांतता, असं ती आईला सांगत होती.

मागच्या रविवारी आमच्याकडे सिद्धोधन आला. सुट्टीवर होता. बोरीहून गाडीवर आला, आईच्या हातचे लाडू घेऊन. मंजुषाही सृष्टीला घेऊन आलेली होती. कडूबाईनं मला मांडलं, भोवती रांगोळीची दोन बोटं ओढली.

"मावशी, मी खाली बसतो," सिद्धोधन दारातच थांबून म्हणाला.

तो का थांबला ते मला कळलं. त्याच्या आजोबांच्या जातीची माणसं या घरी कामाला आली की त्यांना अंगणात, भुईवर वाढायचे. मी आत भिंतीशी उभा राहून ते पाहिलेलं आहे. दुसऱ्यांच्या खोड्या मोजतो तर हेही सांगायला पाहिजे, की तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लाज वाटायला फार उशीर लागला.

"खाली कशाला? तुमी विचारलं होतं मला, काय पायजे म्हणून. दुसऱ्या कुणी न्हाई विचारलं," कडूबाई म्हणाली. "बसा."

तो बसला. हलक्यानं बसला, खिळ्याकडे बघून हसला. कडूबाई पुरणपोळी वाढत होती, तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. जावई. व्हिडिओची चेष्टा जरा विरली होती, आणि मानपान पुन्हा सुरू करायला हा दिवस त्यानं निवडला होता. आत आला, सिद्धोधनला पाटावर पाहिलं, आणि जागीच उभा राहिला.

"या, जावईबापू," कडूबाई म्हणाली. प्लास्टिकची लाल खुर्ची ओढून दिली. "खुर्चीवर बसा. पाट रिकामा न्हाई."

तो खुर्चीवर बसला. हात गुडघ्यांवर ठेवले. मान फिरवली.

कोणी विचारलं नाही. मास्तर सिद्धोधनला गोव्याच्या बंदराचं काहीतरी विचारत होते. मंजुषा सृष्टीला भरवत होती. कडूबाईनं पाहुण्याला दुसरी पोळी वाढली, तिसरीसाठी आग्रह केला. पोळीच्या तुपाचा वास खुर्चीपर्यंत जात असणार. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मान अवघडली असावी, कारण त्यानं ती आपण होऊनच सरळ केली.

"मामी," तो म्हणाला, "मला बी भूक लागलीय."

कडूबाईनं वळूनही बघितलं नाही. "ताटं मांडणीवर हायेत. पोळ्या टोपल्यात. बोटीवर शिकलाव न्हवं, आपलं ताट आपुन घ्यायचं?"

तो उठला. मांडणीवरून ताट घेतलं, वरण वाढून घेतलं आणि खुर्चीवर बसून जेवला. जेवण झाल्यावर ताट कुठे ठेवायचं ते त्याला कळेना. मोरी कुठे आहे ते सृष्टीनं दाखवलं.

आता मी पुन्हा भिंतीला टेकून उभा आहे. मुंजाजीचा मुलगा परवा खिळा ठोकून द्यायला आला होता. कडूबाईनं त्याला चहा पाजला आणि म्हणाली, "राहू दे, त्याची अडचण होत न्हाई." बांधावर दोन बुंधे उघडे पडलेत. त्यांना फुटवे आलेत की नाही, ते मास्तरांनी अजून सांगितलेलं नाही. मी विचारणारही नाही, ते सांगतील तेव्हा ऐकेन.

ऐकणाऱ्यांनो, तुमच्याही घरी एखादा पाट असेल, माळ्यावर, नाहीतर कपाटामागे. त्याला खाली काढा, आणि एकदा तरी त्याच्यावर वाढणाऱ्या बाईला बसवा. तिची काही मागणी असली तर तीनदा विचारायला लावू नका. आणि तुम्ही जावई असाल, तर बसायच्या आधी चारी कोपरे हातानं चाचपून बघा. तीन वर्षांनी धोंड्याचा महिना पुन्हा येणार आहे, आणि सागाचं लाकूड लवकर कुजत नाही.